मंगळ काढून मिळेल

४ जानेवारी, रविवार
नवीन वर्षाचा संकल्प उशिरा लिहितोय, कारण वही आज सापडली. संकल्प एकच. मस्करी बंद. आई म्हणते, बारावीला दोनदा बसलास, अक्कल एकदाबी नाही आली. यंदा दाखवतो तिला.

सुरुवात उद्यापासून. कारण आज एक होऊन गेली.

टपरीवर फत्तेसिंग आबा आले. आमच्या शेजारचे, मिरचीवाले. माणूस देव, पण बोलायला लागले की समोरच्याच्या चहावर साय धरते. आज गप्प होते. त्यांच्या ममताताईला ब्राह्मणपुरीचे पाहुणे बघून गेले, सगळं पसंत, आणि मग निरोप आला की पत्रिकेत मंगळ आहे, बघू. मी म्हटलं, आबा, टेन्शन कशाला, सुरतला तारांगण आहे, तिथे ग्रह दाखवतात.

आता आमच्याकडे ग्रह दाखवायचे म्हणजे गुरुजीकडे पत्रिका घेऊन जायचं. आबांनी लगेच विचारलं की तिथले गुरुजी चांगले आहेत का. इथे थांबता आलं असतं. मी म्हटलं, गुरुजी नाही, सायंटिस्ट. दाखवतातच काय, काढतातबी. प्लूटोला नाही का काढलं? मीटिंग घेतली, हात वर केले, यादीतून बाहेर. टपरीवर बसलेले एक सर म्हणाले, प्लूटोला काढलं हे मात्र खरंय. झालं. आबा चहा अर्धा टाकून घरी पळाले.

लय भारी जमली. झोपेतबी हसू येणार.

५ जानेवारी
नाही आलं.

आबांनी गल्लीभर सांगितलं. घरी येऊन विचारून गेले की सोबत काय काय न्यायचं, पोरीला न्यावं लागतं की नुसती पत्रिका चालते. संध्याकाळी खरं सांगायचं ठरवलं. गेलो तर ओट्यावर चार माणसं बसलेली. चार माणसांत म्हाताऱ्याला तोंडावर पाडायचं म्हणजे अपमान. मी नाही सांगितलं. ही समजदारी झाली, घाबरणं नाही.

७ जानेवारी
आबांनी ब्राह्मणपुरीला फोन लावला. मुलाचे वडील दरबारसिंग आप्पा. सांगितलं की मंगळ काढायचं काम सुरतला टाकलेलं आहे. जसं काही सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायचंय.

हातातला वडापाव अर्धा टाकला. तेल खराब असणार.

नवीन प्लॅन. मोबाईलमध्ये आकाशाचं ॲप टाकलंय. आबांना खरा मंगळ दाखवतो. केवढासा ठिपका तो. बघितला की भीती आपोआप जाईल. याला विज्ञान प्रसार म्हणतात. सरकार याचे पैसे देतं, मी फुकट करतोय.

९ जानेवारी, संध्याकाळ
आबांना खळ्यात नेलं. ॲप लावलं. मोबाईल पूर्वेला धरला, पश्चिमेला धरला. ॲप सारखं जमिनीकडे बोट दाखवतं. मग वाचलं. मंगळ सध्या बरोब्बर सूर्याच्या मागे आहे, काही महिने दिसणार नाही. महिनाभर आधी किंवा चार महिन्यांनी मस्करी केली असती तर असा फसलो नसतो. माझं टायमिंग नेहमी चांगलं असतं, याच वेळी असं का झालं.

आबा मान वर करून पूर्ण एक गोल फिरले. मग हळूच विचारलं, गया का?

मी म्हटलं, हो. गेला.

ॲपप्रमाणे हे खोटं नाही. आबांनी खळ्यातूनच ब्राह्मणपुरीला फोन लावला. रेंज येईना म्हणून कडब्याच्या ढिगावर चढले.

१२ जानेवारी
आबा आता ब्राह्मणपुरीला रोज सकाळी फोन करतात. आप्पांना मंगळाची खबर देतात. खबर माझ्याकडून घेतात. मी ॲपवरून देतो. नाही दिली तर ते स्वतः काहीतरी सांगतील, त्यापेक्षा बरोबर माहिती गेलेली चांगली.

दुपारी ममताताईने पकडलं. आबांच्या डोक्यात काय भरलंस म्हणून विचारलं. ती चिडली तर मला सोपं जातं, मीबी चिडतो आणि निघून येतो. आज चिडली नाही. म्हणाली, त्या पोराने मला विचारलं की तुम्हाला काय आवडतं, आणि मी सांगत होते तोवर तो थांबला. बस, एवढंच म्हणाली. आबांच्या घरात कोणाचं वाक्य पूर्ण झालेलं मी तरी ऐकलं नाही, त्यामुळे मला कळलं.

तिला शब्द दिला की मी नीट करतो. मी शब्दाचा पक्का आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ द्यायला गेलो तर आबा खूश. आप्पांनी फोनवर विचारलं म्हणे, सुरतवाल्यांचं काही लेखी मिळतं का. मला तर वाटलं ते वैतागून बोलले असतील. आबांना वाटलं की काम पक्कं झालं.

काही प्रॉब्लेम नाही. तारांगणाच्या तिकिटावर छापलेलं असतं, वर नाव असतं, तारीख असते. गुजरातीत असेल तर अजून चांगलं. ब्राह्मणपुरीत कोण वाचतंय. रविवारी जायचं ठरलं. आबा, ममताताई, मी. हे तिकीट दाखवलं की लग्न पक्कं, मग निवांत एक दिवस सगळं खरं सांगू. बारशाला वगैरे.

१८ जानेवारी, रविवार, रात्री
लिहावंसं वाटत नाहीये.

सकाळच्या गाडीने गेलो. आबांचे पांढरे कपडे, डोक्याला फेटा, पिशवीत नारळ. नवापूर येईपर्यंत डब्यातल्या सगळ्यांना कळलं होतं की आम्ही कशाला चाललोय. एका बाईने विचारलं, शनीचंबी काम होतं का. आबा म्हणाले, हा आमचा दिग्विजय सगळं बघतो. बाईने माझा नंबर घेतला.

तारांगणाच्या दारात नारळ ठेवून घेतला. आत वस्तू न्यायच्या नाहीत. आबांना वाटलं चढवायला नेला. हात जोडले.

आत गोल छत, मागे कलणाऱ्या खुर्च्या, गच्च अंधार. गुजरातीत बाई बोलायला लागली, रेकॉर्डिंग होतं. आबा तिला उत्तरं देत होते. ती म्हणाली तारे फार लांब आहेत, आबा म्हणाले व्हय बहीण. मागची शाळेची पोरं हसायला लागली. मलाबी बरं वाटत होतं. वाटलं, आता दोन मिनिटं एक बारका मंगळ दाखवतील आणि संपवतील.

मग छतावर एक लाल ठिपका आला. बाई म्हणाली मंगळ. ठिपक्याचं लिंबू झालं, लिंबाचं कलिंगड झालं, आणि ते खाली येतच राहिलं. पूर्ण छत लाल. आबांचा पांढरा शर्ट लाल.

आबांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "काढा नई भो. यो ते वाढना." काढला तर नाहीच, उलट वाढला.

आणि उभे राहिले. फेटा काढला. हात जोडून, भर शो चालू असताना, छताकडे बघून म्हणाले, "मन्ही पोरले सोडी दे."

पोरं फुटली. पूर्ण हॉल हसला. अशा वेळी पहिला मी हसतो, गावात माझं नावच आहे त्यासाठी. नाही आलं. ममताताईने अंधारात त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. माझ्याकडे बघितलं नाही. अंधार होता, पण नाही बघितलं ते कळतं.

परतीच्या गाडीत खरं सांगायचं ठरवलं होतं. वाक्यंबी जुळवली होती. पण गुजरातमध्ये नको, आपल्या हद्दीत आल्यावर सांगू म्हटलं. नवापूरला प्लॅटफॉर्म अर्धा इकडे अर्धा तिकडे, आपली बाजू नक्की कुठली ते बघेपर्यंत गाडी सुटली. खांडबाऱ्याला आबांना झोप लागली. झोपलेल्या म्हाताऱ्याला उठवणं बरोबर नाही.

पूर्ण रस्ता एक शब्द बोलले नव्हते. आबा.

१९ जानेवारी
सकाळी आबांनी मला खबर विचारली नाही. स्वतःच ब्राह्मणपुरीला फोन लावून सांगितलं की मंगळ परत आला, मोठा होऊन आला, पण तुम्ही घाबरू नका, पोरगा बघतोय.

बस. आता शेवटचा प्लॅन, आणि हा फेल जाऊच शकत नाही. मी थेट ब्राह्मणपुरीला जातो. आप्पांसमोर सगळं कबूल करतो. मंगळ म्हणजे नुसता दगड, बाकी सगळी माझी मस्करी, दोन कानाखाली मारा आणि लग्न करा. मोठी माणसं खरं बोलणाऱ्यावर खूश होतात. येताना शहाद्याहून पेढे आणायचे.

२१ जानेवारी
पेढे नाही आणले.

आप्पांनी बसवलं, चहा दिला. मी सगळं सांगितलं. प्लूटोपासून नारळापर्यंत. ते मध्ये बोलले नाहीत. शेवटी विचारलं, पत्रिका कोणी बघितली?

मी म्हटलं, तुम्हीच तर बघितली. ते म्हणाले, आम्ही लिफाफा उघडलाच नाही. अरे, पाहुण्याला तोंडावर थांबा कसं म्हणायचं, म्हणून मंगळ आहे, बघू, असं म्हणतात. समोरचा समजून जातो. संक्रांतीपर्यंत घरात विचार करायचा होता, मोठ्या भावाला विचारायचं होतं. आणि मग ते जे बोलले ते तसंच लिहितो.

"पोर सोनानी शे. पोऱ्याबी राजी व्हता. पण रोज सकायमा फोन, मंगय कोठे पोचना. आसा याही मले जन्मभर कसा झेपी?" याही म्हणजे व्याही, म्हणजे आबा.

दोंडाईचाच्या एका घराला परवा शब्द दिला म्हणाले.

फोन करायला आबांना कोणी लावलं, हे त्यांनी विचारलं नाही. ते तर मी आधीच सांगून बसलो होतो. चहा उरलेला होता तो प्यायलो. नाही प्यायलो तर वाईट दिसतं.

२२ जानेवारी
मी ब्राह्मणपुरीला गेलोय हे आईकडून कळलं, म्हणून आबा सकाळपासून स्टँडवर माझी वाट बघत थांबलेले. मी काल रात्री मुद्दाम मागच्या गल्लीने घरी आलो होतो.

खरं सांगायचं तीन-चार प्रकारे ठरवलं होतं. हळू सांगायचं, एकदम सांगायचं, आईला पुढे करून सांगायचं. कसंबी सांगितलं तरी शेवटी एकच येतं. पोरगी पसंत होती, तुमच्या बोलण्याने सोयरीक गेली. आणि बोलायला मी लावलं, हे त्याच्या मागून कितीबी जोरात सांगितलं तरी आबांना पहिलंच ऐकू येणार.

म्हटलं, मंगळच आबा. लय कडक आहे.

आबांनी मान हलवली. म्हणाले, मग आपला काही दोष नाही. आणि मला चहा पाजला.

ममताताई पथारीवर वाळत घातलेल्या मिरच्या उलटवत होती. तिला सगळं खरं सांगितलं. दोंडाईचाचंबी. तिने सगळ्या मिरच्या उलटवल्या, परत पहिल्या टोकाला आली. मी थांबलो होतो. एक कानाखाली बसली असती तर बरं झालं असतं.

म्हणाली, "आबाले सांगू नको."

२३ जानेवारी, सकाळी सहा
फोन. आबा. ब्राह्मणपुरीवाले आता उचलत नाहीत, म्हणून मला लावला. मंगळ वर आला का, विचारत होते.

ॲप बघितलं. दिसायला मे महिना उजाडेल. म्हटलं, नाही आबा, अजून सूर्याजवळच आहे.

ते म्हणाले बरं. उद्या विचारतो.