कमळाखाली बुडालेला जावई

लेपिंग मुक्कामी फेंगदादांना, जिंगडेझेनहून धाकट्या लुओचा वाकून नमस्कार.

दादा, आपण चिनी मातीच्या भांड्यांवर पक्षी रंगवणारी माणसं. फुलं रंगवणाऱ्यांनी आधी पाय पसरायचे आणि उरल्या कोपऱ्यात आपण पंख मिटून बसायचं, हा अन्याय आपल्या जमातीनं आणखी किती पिढ्या सोसायचा? (तुमचा खोकला कसा आहे? तुम्ही पाठवलेल्या मिरच्यांनी माझा बरा झाला, किंवा घाबरून पळाला.)

आमच्या सूल्यानचं लग्न ठरलं. मुलगा गुणी आहे, पण त्याचे वडील छ्याओ आमच्याच कारखान्यात फुलं रंगवतात; इतक्या चांगल्या स्थळात काहीतरी खोट असायचीच. रुखवतात हातभर उंचीची फुलदाणी द्यायची, तिच्यावर कमळं आणि बदकांची जोडी, असं ठरलं. कमळं व्याह्यांची, बदकं माझी. नवरा रंगीत, बायको करडी, दोघं अंगाला अंग लावून पोहणारी. पोरीचा संसार तसा व्हावा, एवढंच मागणं.

माझं चुकलं असेल तर इतकंच, की व्याह्यांनी कुंचला उचलायच्या आदल्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी खोक्यावर चढलो. म्हणालो, "भावांनो, हिवाळ्यात फुलणारी आलुबुखाऱ्याची फांदी म्हणजे नुसती थंडी! तिच्यावर मॅगपायची जोडी बसते तेव्हा ती आनंदाची बातमी होते. पाइन म्हणजे सरपण; शेजारी क्रौंच उभा राहिला की दीर्घायुष्य. अर्थ आणतो पक्षी आणि जागा खातं फूल!" टाळ्या पडल्या. छ्याओ मात्र शांतपणे चहा पीत राहिले, तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

फुलदाणी माझ्यापुढे आली तेव्हा एकेक कमळ परातीएवढं! पाणी उरलं होतं एका बदकापुरतं. आणि लग्नात एकटं बदक देणं म्हणजे पोरीला आधीच विधवा करणं. मी विचारलं, "व्याही, दुसरं कुठं बसवू? तुमच्या डोक्यावर?"

"अर्थ तुम्ही आणता ना?" ते म्हणाले. "आणा की."

तत्त्वाचा माणूस कमळापुढे हार मानत नाही. मी बायको पुढे ऐसपैस काढली (बापाचं मन, दादा) आणि नवऱ्याला पानाखाली डुबकी मारायला लावली. शेपूट वर, बाकी पाण्यात. बदकं अशीच तर चरतात! भट्टीतून रंग पक्का होऊन आला.

विहीणबाईंनी फुलदाणी सगळीकडून फिरवून पाहिली. "माझा मुलगा कुठाय?" मी शेपूट दाखवलं. "अगोबाई, लग्नाआधीच बुडवलात?" "बुडाला नाही, जेवतोय," मी म्हणालो. "बायकोला सोडून एकटाच?" नीट जोडी आली तरच वरात, असं बजावून त्या गेल्या. छ्याओ म्हणतात, आता वक्त्याच्या भांड्याला हात लावणार नाही. सूल्याननं बोलणं टाकलंय. भाताचा वाडगा तेवढा आपटते.

मग म्हटलं, गुलामी पुरे! पक्षी आधी! कोऱ्या फुलदाणीवर बदकांची देखणी जोडी काढली आणि भोवती कमळंही स्वतःच रंगवली. सूल्याननं पाहिलं आणि तिचं मौन सुटलं: "बाबा, बदकं कोबीच्या शेतात काय करतायत?"

तरीही दादा, लढा थांबणार नाही. फुलवाल्यांपुढे मान तुकवू नका.

तुमचाच,
लुओ

ता. क. वहिनींच्या हातची कमळं अजून तशीच उतरतात का? सहज विचारलं.

आणखी ता. क. कोबी पुसून टाकला, बदकंही पुसली. फुलदाणी कोरी आहे, शुक्रवारी भट्टी लागते आणि पोर रडतेय. कमळं आधी वहिनी काढतील, मी गप्प बसून थांबेन. ज्या बाईनं इतकी वर्षं तुमच्यासारख्याला शेजारी जागा दिली, ती दोन बदकांपुरतं पाणी नक्की सोडेल. तुम्ही नाही आलात तरी चालेल. वहिनींना कुंचल्यांसकट मंगळवारच्या पहिल्या बसमध्ये बसवून द्या.