आक्काच्या विहिरीचा उपसा

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. जमिनीखालच्या पाण्याची नाडी बघत गावोगाव फिरतोस, बहिणीची नाडी कधी बघणार?

बेकरीवाल्यांच्या पावाला रॉकेलचा वास येत होता. सगळ्यांनी भट्टीला नावं ठेवली, मीही ठेवली. शेवटी त्यांच्या सुनेनं बादलीत डोकावलं, तर पाण्यावर रंगीत तवंग! कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपाची जमिनीतली टाकी गळतेय म्हणे. त्यांची विहीर बंद झाली.

आपली मात्र ठणठणीत आहे. दिवसभर पंप चालू ठेवते आणि फाटकाशी नळी सोडली आहे. अख्खी गल्ली भरून नेते. कान गेले तरी स्वयंपाकघराच्या फरशीवर पाय टेकला की थरथर कळते आणि बरं वाटतं. बेकरीवाल्यांच्या सुनेला दिवस गेलेत. तिला सांगून ठेवलंय, की प्यायला माझंच पाणी ने. फुशारकी मारतेय म्हणशील, तर म्हण.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आक्का

९ फेब्रुवारी

ती. आक्कास सा. न. वि. वि.

पत्र हातात पडताच आधी पंप बंद कर. शेजारच्या शिंपीणबाईंनाही फोन करून तुला सांगायला लावलंय.

पेट्रोल पाण्यावर तरंगतं, त्यातलं थोडं विरघळतं आणि पाणी जाईल तिकडे जातं. एखादी विहीर जोरात उपसली की आजूबाजूचं पाणी तिच्याकडे ओढलं जातं. तुझा पंप ती घाण आपल्याकडे बोलावतोय गं. वास येत नसला तरी कुणीही पिऊ नका, सुनेला तर मुळीच देऊ नकोस. टँकरची सोय केली आहे. नमुने घ्यायला मी स्वतः येतो.

रागावू नकोस.
तुझा धाकटा

१७ मार्च

ती. आक्कास सा. न. वि. वि.

तपासणीचा निकाल आला. तुझ्या विहिरीत पेट्रोल उतरलंय.

आलो होतो तेव्हा तू विचारलंस, की हे माझ्या पंपामुळे झालं का. मी चहा ढवळत बसलो. आता लिहितो: हो, त्यामुळेच इतक्या लवकर झालं. तुझा हेतू चांगला होता, हे पाण्याला कळत नाही.

आणखी एक मागायचंय. तुझी विहीर ताब्यात घ्यायला आमचे साहेब नोटीस पाठवणार होते. मी म्हटलं, बहीण माझी आहे, मी विचारतो. गल्लीत भोकं पाडून पाहिलं, पण तुझ्या विहिरीइतकं पाणी कुठेच ओढलं जात नाही. म्हणून घाण बाहेर काढायलाही तीच हवी. उपसलेल्या पाण्यात हवा सोडून, ते कोळशातून गाळून स्वच्छ करू. पण याला वर्षं लागतील. ते पाणी तुला पुन्हा प्यायला मिळेल असं खोटं सांगत नाही. नाही म्हणालीस तर दुसरीकडे खणू, पण तोवर हे शिंपीणबाईंच्या विहिरीपर्यंत पोचेल.

उत्तर दे, शिव्या दिल्यास तरी चालेल.
तुझा धाकटा

२८ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुला होकार कळवण्याआधी मनातल्या मनात तुझ्याशी खूप भांडले. तुझी माणसं यंत्रं बसवून गेली. बागेतली माझी अबोली तुडवली, तेवढं त्यांना ऐकव.

सुनेच्या तपासण्या ठीक आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की लक्ष ठेवू. ती तशीच हसून आक्का म्हणते आणि मला तिच्याकडे बघवत नाही. पेलाही मीच भरून हातात दिला होता रे.

काल पंप सुरू झाला. सवयीनं बादली घेऊन गेले आणि रिकामी घेऊन परत आले. तेवढ्यात सून आली. मी तिला म्हटलं, की फरशीवर पाय ठेवून बघ. तिनं चपला काढल्या, पाय टेकला आणि विचारलं, की आता कुणीच भरत नाही, तर हे चाललंय कुणासाठी. मी म्हटलं, तुझ्या पोटातल्यासाठी.

तिनं पाय काढून घेतला नाही.

जमेल तेव्हा ये. टँकरच्या पाण्याचा चहा देईन.
तुझी आक्का