हिरवं बटण कुठलं?

४ फेब्रुवारी

पुन्हा तोच! ‘चौकस’ नावाचं खातं. फोटो नाही, माहिती नाही, आणि शेरे मारायला फक्त माझीच पानं सापडतात. आज म्हणे— “हिरव्या बटणावर क्लिक करा असं लिहिलंय. हिरवं बटण कुठलं?”

अरे, हिरवं म्हणजे हिरवं! समोर ढळढळीत दिसतंय.

एक तर हे हौसेचं काम. स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, अंधांसाठी. ओपन सोर्स— ठिकठिकाणचे लोक आपापल्या घरून त्यात भर घालतात. मराठी माहितीपुस्तिका लिहायला कोणी तयार होईना, मी अंगावर घेतली. ऑफिसात आयुष्यभर मॅन्युअलं लिहिली, एकावरही माझं नाव नाही. या एका पुस्तिकेवर येणार आहे. नवी आवृत्ती निघेल तेव्हा पहिल्याच पानावर. ते कोणी हिसकावून घेऊ पाहत असेल तर मी गप्प बसणार नाही.

६ फेब्रुवारी

हिने शिवणाची कामं घेणं बंद केलंय. मशीनवर कापड झाकून ठेवलंय. विचारलं तर म्हणे पाठ दुखते. पाठ दुखते, मग दर बुधवारी धाकट्या बहिणीबरोबर कुठे जाते?

९ फेब्रुवारी

चौकसचे तीन शेरे. “उजव्या कोपऱ्यात असं म्हणू नका, कोणती कळ दाबायची ते सांगा.” “चौथ्या पायरीनंतर काहीच होत नाही.” होत कसं नाही? मी स्वतः माउस धरून करून बघितलंय. तो वाचून दाखवणारा आवाज मात्र पहिल्या दिवसापासून बंद ठेवलाय. डोकं उठवतो. त्याच्या बडबडीत काम काय होणार?

तिसरा शेरा वाचून तर अंगाची आग झाली. “घाई झाली की तुम्ही मधली पायरी गाळता.”

हे वाक्य मला आधी कोणीतरी ऐकवलंय. कोणी? म्हणजे हा मला ओळखतो. ऑफिसातलाच कोणीतरी आहे!

१० फेब्रुवारी

पोपट. दुसरा कोण? बाजूच्या टेबलवर बसतो, दिवसभर साहेबांची री ओढतो. पुस्तिकेबद्दल मीच मूर्खासारखं त्याला सांगितलं होतं.

११ फेब्रुवारी

पोपटाला जिन्यात गाठलं. सरळ विचारलं. तो म्हणाला, घरी जुळी आहेत, त्यांच्यापुढे मला दाढी करायला सवड होत नाही, तुमची पुस्तिका कुठून वाचू? दाढी खरंच वाढलेली होती. पण सोंग घ्यायला काय लागतं?

१३ फेब्रुवारी

संध्याकाळी दार उघडून आत गेलो तर हिने कानातले इअरफोन पटकन काढले आणि लॅपटॉप मिटला. “लवकर आलात?” रोजच्याच वेळेला आलो होतो.

नंतर स्वयंपाकघरातून बहिणीशी फोनवर बोलताना ऐकलं. “नाही गं, अजून नाही सांगितलं. त्यांना एवढ्यात कळायला नको.”

मला एवढ्यात काय कळायला नको? ही मात्र नेहमीसारखी. विजेचं बिल माझ्या पुढ्यात सरकवून म्हणाली, तुम्हीच वाचा.

१६ फेब्रुवारी

निदान एक काटा काढला. प्रकल्प सांभाळणाऱ्या बाईंना लिहिलं— चौकस हा माझा सहकारी आहे, आकसाने मागे लागलाय, पुरावा आहे. पुरावा नव्हता. बाईंनी विश्वास ठेवला. नवी आवृत्ती निघेपर्यंत चौकसला शेरे लिहायला बंदी!

पुस्तिका मंजूर. माझं नाव पहिल्या पानावर चढलं. हिला दाखवलं. ही स्क्रीनकडे तोंड करून बराच वेळ बसली, मग म्हणाली, “छान.” आवाजात आनंद नव्हता. मलाही झाला नाही.

१७ फेब्रुवारी

ही सकाळपासून रडवेली.

कपाटाचं दार आज पुन्हा निखळलं. मीच जोडलेलं. चारऐवजी दोनच स्क्रू लावले होते. हिने नुसता सुस्कारा सोडला. एरवी दोन वाक्यं ऐकवली असती.

१८ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. गोड हसून म्हणाल्या, “दुपारी तुमच्याकडे पाहुणे असतात वाटतं. पुरुषाचा आवाज येतो रोज.”

म्हणजे हे आहे! इअरफोन, बुधवार, बहिणीची साथ— सगळं जुळलं. इतक्या वर्षांत हिला मी कधी अधिकउणं बोललो नाही. असं मला तरी वाटतं. ही गेली तर या घरात मी काय करू?

उद्या अर्धी रजा टाकतो. एकदाच काय ते डोळ्यांनी बघून टाकू.

१९ फेब्रुवारी

दाराबाहेरूनच ऐकला. पुरुषाचा आवाज, कोरडा, एका सुरात. किल्लीने दार उघडलं.

घरात ही एकटी. लॅपटॉपसमोर डोळे मिटून, बोटं कळांवर चाचपडत. आवाज लॅपटॉपमधून येत होता. माझीच पुस्तिका वाचत होता. “आता हिरव्या बटणावर क्लिक करा.”

माझी चाहूल तिने ओळखली. मान वळवली नाही. म्हणाली, डॉक्टर म्हणतात डोळे हळूहळू जाणारच, थांबवता येणार नाही. आधी सगळं शिकून घेणार होते आणि मग तुम्हाला सांगणार होते, म्हणजे तुम्ही घाबरला नसता.

मी तिथेच जमिनीवर बसलो.

“घाई झाली की मधली पायरी गाळता तुम्ही,” ती म्हणाली. “कपाटाच्या वेळी पण सांगितलं होतं. आता तर मला तिथे विचारताही येत नाही. सांगा ना, हिरवं बटण कुठलं?”