खिडकीखालची हजेरी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, महाविद्यालयात बत्तीस वर्षे हजेरी कारकून म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली, राहणार त्याच महाविद्यालयाच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून उभ्या असलेल्या दोन मजली घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. काल डॉक्टरांनी तसा दाखला दिला. देण्याआधी त्यांनी मला आज वार कोणता ते विचारले, तेव्हा मी वार तर सांगितलाच, शिवाय त्या वारी कोणत्या वर्गाला कोणता तास असे, तेही सांगितले. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. धाकट्या भावाने आणून पाहिले, पण ते त्याला लहानपणापासून जमत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच कबूल करते. हल्ली दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या मला स्वप्ने पडतात. त्यांत महाविद्यालयाचा व्हरांडा लांबत लांबत जातो, त्यातली बाके पाण्यावर ठेवल्यासारखी हलकेच हलतात, आणि मी वही उघडून क्रमांक पुकारते. ओ देतात ती तान्ही मुले. वकील म्हणाले, "बाई, हे मृत्युपत्रात कशाला? उद्या कोणी म्हणेल, लिहिताना शुद्धीत नव्हत्या." मी म्हटले, "स्वप्न कुठलं आणि वही कुठली हे ज्याला कळतं तो शुद्धीतच असतो. राहू द्या." वही खरी आहे. तिचे काय करायचे ते पुढे येईलच.

कलम १. हे घर माझ्या कमाईचे आहे. त्याचा वरचा मजला, गच्चीसह, मी धाकट्या भावाला व भावजयीला देते. तिथे ते आजही राहतात आणि जिन्यात चपला काढतात, ही सवय त्यांनी बदलावी. वडिलांचे भिंतीवरचे घड्याळही भावालाच. ते मला मिळाले म्हणून तो चाळीस वर्षे गाल फुगवून बसला आहे. घड्याळ रोज सहा मिनिटे मागे पडते, हे मी त्याला कधी सांगितले नाही. आता सांगते.

कलम २. तळमजल्यावरची, महाविद्यालयाच्या भिंतीला लागून असलेली मोठी खोली मी माझ्या पुतणीला देते. तिने ती भाड्याने देऊ नये, विकू नये व तिच्या वडिलांच्या हाती जाऊ देऊ नये. महाविद्यालयात शिकणाऱ्या ज्या मुली गरोदर आहेत किंवा ज्यांच्या पदरी मूल आहे, त्यांच्यासाठी ही खोली वर्ग चालू असेल त्या प्रत्येक दिवशी उघडी राहील. बँकेत माझ्या नावावर जे आहे ते सगळे या खोलीसाठी: मुले सांभाळणाऱ्या बाईचा पगार, दूध, गाद्या, आणि दर दोन वर्षांनी भिंतींना रंग. रंग निळाच हवा; त्याचे कारण समजावत बसायला वेळ नाही.

हे असे का, ते भावाला ठाऊक आहे. तरी लिहून ठेवते, म्हणजे नंतर त्याला "ताईच्या मनात काय होतं कोण जाणे" असे म्हणता येणार नाही.

माझी पुतणी शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला पाचवा महिना आहे. तिचा नवरा दूर नोकरीला असतो, म्हणून ती माहेरी आहे. मागच्या महिन्यात भाऊ खाली आला आणि माझ्याच खुर्चीत बसून म्हणाला, "ताई, एक वर्ष थांबू दे तिला. कॉलेज काय पळून जातंय?"

"कॉलेज नाही पळत. वर्ष पळतं."

"आणि बाळ कुठे ठेवणार? वर्गात?"

"इथे. या खोलीत."

"इथून गेटला वळसा घालून जायला अकरा मिनिटं लागतात आणि मधली सुट्टी पंधरा मिनिटांची. ती बाळाला पाजणार कधी? तू तर हिशोबाची पक्की आहेस ना?"

तेवढे मात्र तो खरे बोलला. अकरा जायला, अकरा यायला. मी त्याच दिवशी काठी घेऊन प्राचार्यांकडे गेले आणि मागच्या भिंतीत एक दार पाडू द्या म्हणून अर्ज दिला. प्राचार्यबाई तरुण आहेत, ऐकून घेतात. त्या म्हणाल्या, "आज तुम्ही आहात. उद्या त्या खोलीत झेरॉक्सचं दुकान आलं तर आमचं दार दुकानात उघडेल. खोली कायमची राहील असं लेखी द्या, दुसऱ्या दिवशी गवंडी पाठवते." भावाच्या मनातल्या झेरॉक्सच्या दुकानाची गोष्ट त्यांच्या कानावर कोणी घातली ते मला कळले आहे. म्हणून हे लेखी. या कागदावर सह्या झाल्या की दार पाडले जाईल. नाही झाल्या, तर माझी पुतणी एक वर्ष थांबेल. थांबलेली वर्षे मी वहीत पाहिली आहेत, त्यांच्यापुढची घरे पुन्हा भरत नाहीत.

पुतणी जिन्यात बसून आम्हा भावंडांचे बोलणे ऐकत होती. नंतर खाली आली आणि म्हणाली, "आत्या, तू एवढं का करतेस गं? माझ्यासाठी?" मी म्हटले, "तुझ्यासाठीही." बाकीचे तिला कधी सांगितले नव्हते. ते पुढच्या कलमात आहे.

कलम ३. या कलमात मी काही देत नाही. फक्त कबूल करते.

माझ्या नोकरीच्या नवव्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गात क्रमांक त्रेचाळीसची एक मुलगी होती. दिवाणखान्यात चुकून शिरल्यासारखी ती वर्गाच्या दारात उभी राहिली, कारण कडेवर तीन महिन्यांची मुलगी होती. भूगोलाचे सर वाईट नव्हते. ते म्हणाले, "बाळ रडलं की वर्ग हसतो. आत नको." तेव्हा ती व्हरांड्यात गेली आणि वर्गाच्या खिडकीखालच्या बाकावर बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. वर्षभर बसली. मांडीवर बाळ, बाळावर शाल, शालीवर वही. सरांचा आवाज खिडकीतून बाहेर यायचा, समुद्राचे प्रवाह, उष्ण कुठले, थंड कुठले, कोण कोणाला वळसा घालून जातो. माझे टेबल त्या व्हरांड्याच्या टोकाला होते. मलाही ते सगळे पाठ झाले. बाळ मुठी मिटून झोपायचे आणि ती लिहायची. त्या वेळी तो व्हरांडा एवढा शांत असे, की मी स्वप्नात अजून तिथेच जाते.

हजेरी वर्गात होई. सर क्रमांक पुकारत, आतून ओ येई, आणि त्रेचाळीसला ओ बाहेरून येई. सर न ऐकल्यासारखे करत. वही माझ्याकडे येई, तेव्हा शंका असेल ती विचारून दुरुस्त करणे हे माझे काम. मी एकदाही विचारले नाही. उंबऱ्याच्या आत असेल तो हजर, असा मी नियम समजत होते. माझी वही इतकी स्वच्छ असे, की इतर महाविद्यालयांतले कारकून ती पाहायला येत. एकशे चार दिवस मी त्या मुलीला माझ्या डोळ्यांनी पाहिले आणि एकशे चार घरांत 'गै' लिहू दिले.

परीक्षेचा अर्ज भरायला ती माझ्याकडे आली. मी म्हटले, "तुझी हजेरी भरत नाही."

ती म्हणाली, "मी रोज आले बाई. तुम्ही बघितलंत ना?"

मी म्हटले, "नियमात खिडकी नाही."

असे वाक्य बोलल्यावर माणसाला निदान ठसका तरी लागावा. मला काही झाले नाही. ती बाळाची शाल सारखी करून निघून गेली, आणि पुढच्या वर्षी क्रमांक त्रेचाळीस दुसऱ्या कोणाचा तरी झाला. मला लाज वाटायला पूर्ण सुट्टी लागली. नवे वर्ष सुरू झाले, खिडकीखालचे बाक रिकामे दिसले, आणि मला एकाएकी रडू आले. शिपाई घंटा द्यायचा थांबून माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी पहिला तास चार मिनिटे उशिरा सुरू झाला. तेही माझ्याच नावावर लिहावे.

कलम ४. दोन वह्या.

पहिली, त्या वर्षापासूनचे हजेरीपट. सुरुवातीच्या पानावर मी माझ्या अक्षरात लिहिले, "व्हरांडा हा वर्गाचाच भाग समजावा." अधिकार नसताना लिहिले. तेवीस वर्षे कोणी हरकत घेतली नाही, कारण हजेरीपटाचे पहिले पान कोणी वाचत नाही. ते पान प्राचार्यबाईंनी वाचावे आणि आवडले तर त्याखाली सही करावी.

दुसरी वही बाळांची. मी दप्तरखोलीतले जुने पेपर बांधून माळ्यावर टाकले आणि रिकाम्या झालेल्या जागेत बाळांसाठी सतरंजी घातली. आईचा जो क्रमांक तोच बाळाचा, पुढे 'अ'. सतरा-अ, एकतीस-अ. एका वर्षी जुळी आली, तेव्हा 'ब' लागला. रोज हजेरी घेत असे. कोणी ओ दिली नाही तरी हजर धरत असे, हा पक्षपात मी उघडपणे केला. त्या वहीत सगळ्यांत पहिला क्रमांक त्रेचाळीस-अ आहे आणि त्याच्यासमोरची सगळी घरे कोरी आहेत. ही वही पुतणीने पुढे चालवावी. तिचे बाळ येईल तेव्हा तिने स्वतःचा क्रमांक विसरू नये.

कलम ५. शिपाईबुवांना मी घंटेच्या लोलकाला बांधलेला फडक्याचा तुकडा परत करते. बाळे दचकून उठतात म्हणून तो त्यांनीच बांधला होता. घंटा ऐकू येईना, तास लांबू लागले, प्राध्यापकांनी बैठक घेतली, घंटा वितळवून नवी ओतावी असा ठराव झाला. शिपाईबुवा आणि मी दोघेही मूग गिळून बसलो. फडके माझ्या कपाटात खालच्या खणात आहे. बुवा आता ऐंशी पार आहेत आणि त्यांना फडके नसतानाही घंटा ऐकू येत नाही. तरी द्यावे.

मी निवृत्त झाल्यावर दप्तरखोलीत यंत्रे आली आणि सतरंजी माझ्या घरी आली. मुले येत राहिली, पण वळसा घालून, आणि दर वर्षी कमी. आता वर्षाला एखादी. म्हणून दार.

कलम ६. हे कलम रद्द केले आहे. का, ते सांगते.

मागच्या वर्षी चष्मा बदलायला बाजारातल्या एका दुकानात गेले. दुकानाची मालकीण माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान, केस पांढरे, बोटे भरभर चालणारी. तिने मला खुर्चीत बसवले, नाकावर ती जड चौकट ठेवली आणि एकामागून एक भिंगे घातली.

"खालची ओळ वाचा." मी वाचली.

"स्वच्छ दिसतंय?"

"स्वच्छ."

"मग तेव्हाही दिसत असेन मी तुम्हाला. हजेरीबाई ना तुम्ही?"

चौकट नाकावर होती, उठून जाता येत नव्हते. मी म्हटले, "रोज दिसत होतीस. एकशे चार दिवस. मोजले होते मी."

"मोजले होतेत? मग लिहिले का नाहीत?"

"मला कोणाची भीती नव्हती. कोणी विचारलंही नसतं. मला माझी वही स्वच्छ हवी होती, बस."

तिने चौकट काढली, भिंगे पुसली, आणि बराच वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "तुमचा नंबर वाढलाय." आणि आणखी थोड्या वेळाने, "मुलगी शिकली माझी. मीच राहिले. पण ते समुद्राचे प्रवाह अजून येतात मला." तिने म्हणायला सुरुवात केली, उष्ण आधी, मग थंड. मलाही येत होते. आम्ही दोघी म्हणत गेलो, दारातले गिऱ्हाईक थांबून राहिले, आणि दुकानातल्या सगळ्या काचा निळसर वाटल्या मला. रंगाचे कारण हेच. सांगणार नव्हते, सांगून टाकले.

या कलमाने मी तिला माझे कार्यालयातले टेबल देणार होते. निवृत्त होताना मी ते मागून घेतले होते. तिला बोलावून मसुदा वाचून दाखवला. ती म्हणाली, "मला काही नको बाई." वकील मध्येच म्हणाले, "दोन साक्षीदार लागतील, आणि लक्षात ठेवा, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही." तशी ती खुर्चीत सरळ बसली.

"मग मला साक्षीदार करा."

"अगं, टेबल चांगलं सागवानी आहे."

"राहू दे तुमचं टेबल. तुमच्या एका तरी कागदावर माझी सही असू दे. वेळेवर येईन."

म्हणून टेबल खोलीतच राहील, बाळांची वही त्याच्यावर. कलम रद्द.

कलम ७. अंमलबजावणी वकिलांनी करावी. माझ्यामागे रडायचे असेल त्यांनी मधल्या सुट्टीत रडावे, बाळे झोपलेली असताना नको. भावाने खोलीचा वाद कोर्टात नेऊ नये. न्यायचाच असेल तर आधी एकदा मधल्या सुट्टीत भिंतीतल्या दारापाशी उभे राहावे आणि आपल्या लेकीला आत येताना पाहावे. मग जावे, मी अडवणार नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला समजला, आणि लिहिताना मी जागी होते.

ठिकाण: भिंतीलगतची खोली, खिडकीच्या आतल्या बाजूला. तारीख वकिलांनी समासात घातली आहे. वेळ: पहिल्या तासाची घंटा झाल्यावर.

सही: लिहून देणार, निवृत्त हजेरी कारकून.

साक्षीदार पहिले: डॉक्टर. सही वाचता येत नाही, ती त्यांचीच आहे.

साक्षीदार दुसरी: चष्म्याच्या दुकानाची मालकीण. वीस मिनिटे आधी आल्या. सहीखाली त्यांच्याच अक्षरात:

द्वितीय वर्ष, क्रमांक ४३. हजर. सोबत ४३-अ आली आहे. तीही हजर.