जाड दाराचा कोळी

७ नोव्हें., शुक्र.
दहावीला वर्गीकरण सुरू केलं. सगळ्या वर्गानं कोळ्याला कीटकात टाकलं. पाय मोजून घेतले. आठ! मंग कुठं पटलं. संध्याकाळी सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, हसत हसत सांगितलं, तर म्हणाल्या, "आपल्या वढ्याच्या दरडीत दार लावून राहणारे कोळी हायेत. दोन जातीचे." बारा वर्षं या घरात आहे, आज कळतंय.

९ नोव्हें., रवि.
कापूस वेचून झाल्यावर आत्याबाई दरडीवर घेऊन गेल्या. मला नुसती माती दिसत होती. त्यांनी नखानं उचकलं आणि दार उघडलं! गोल, मातीचं, आतून रेशमी अस्तर. खाली ओलीत पातळ दारवाले, पापडासारखं. वर कोरड्यात जाड दारवाले, बाटलीच्या बुचासारखं.
"हे एका आईचे न्हाईत, सूनबाई."
भिंगातून सुळे पाहिले. घरातल्या कोळ्याचे चिमट्यासारखे आडवे मिटतात, यांचे सरळ खाली. फार जुनी ठेवण.

१२ नोव्हें.
आ.बा. म्हणाल्या, वर ऊन लई, म्हणून त्यानं दार जाड केलं. म्हटलं, ठरवून कोणी केलं नसेल. कुणाचं थोडं जाड, कुणाचं पातळ. उन्हात जाडवाले जास्त जगले, त्यांची पिल्लं जास्त. असं हजारो पिढ्या.
"म्हंजी आपण चांगल्या बोंडाचं बी ठिवतो तसं. पण हितं ठिवणारा कोण?"
"कोणीच नाही."
हातातलं बोंड उलटसुलट करून पाहिलं. मंग, "कोणीच न्हाई, तरी बराबर."
एवढं सोपं मला वर्गात कधी सांगता आलं नाही.

२३ नोव्हें.
वाईट दिवस. ह्यांनी जेसीबी सांगितलाय. मोसंबीची गाडी आत यावी म्हणून दरड कापून रस्ता. "किड्यांसाठी रस्ता आडवणार का?" मी भांडले. आ.बा. उठून दरडीकडं गेल्या.
कोळ्यांवर काम करणाऱ्या एका प्राध्यापकांना फोटो पाठवले, शेजारी पट्टी ठेवून.

१४ डिसें., रवि.
सर स्वतः आले! वाटूर फाट्यावर आणायला गेल्ते. दरड पाहून म्हणाले, जात एकच वाटते, जागेप्रमाणे दार बदलतं. माझा चेहरा पडला. आ.बा. पदर खोचून पुढं.
"साहेब, वरचा कोळी, हात लावला की, दार आतून धरून बसतो. खालचा बिळात पळतो. बघा तुमीच."
सरांनी दहा दारं तपासली. दहाही ठिकाणी तसंच! सर खाली मातीत बसले. दोन्हींचा एकेक नमुना घेऊन गेले.
हे लांबून बघून राह्यले होते. जेवताना म्हणाले, "जेसीबी नको म्हणून सांगितलं. रस्ता पलीकडून काढू. कपाशीच्या दोन ओळी जातील, जाऊ दे."
आत्याबाईंनी लेकाला आणखी एक भाकरी वाढली.

३० जाने.
मेल आला!!! दोन वेगळ्या जाती. बिलकुल वेगळ्या. आणि जाड दाराची त्यांना कोणत्याच यादीत सापडत नाही. मी स्टाफरूममध्ये ओरडले.
घरी येऊन वाचून दाखवलं. आ.बा. शेंगा निवडत होत्या. "मी काय येगळं सांगत होते?"

३ फेब्रु.
आ.बा. दहावीच्या वर्गात बोलल्या. खडूनं फळ्यावर दोन्ही दारं काढली. आयुष्यात पहिल्यांदा खडू हातात. एका पोरीनं विचारलं, आजी, तुम्ही कितवी शिकलात? "चाळीस वर्षं निंदणी-खुरपणी." वर्ग उभा राहून टाळ्या वाजवत होता. मुख्याध्यापकसुद्धा. मला रडू आलं, फळा पुसायचं निमित्त केलं. पुसला मात्र न्हाई.

२१ जून, रवि.
सरांचा फोन आल्ता. जाड दाराची जात नवीनच, हे पक्कं ठरवायला नर पाहिजे. माद्या बिळातच राहतात, नर पावसानंतर माद्या शोधत बाहेर फिरतो. नर मिळेपर्यंत नवीन नाव देता येणार नाही.
आ.बा. पोट धरून हसल्या. "बाप सापडल्याबिगर नाव न्हाई व्हय? यांचं बी माणसागतच!"
परवा पाऊस झाला, म्हणून फिरता नर आत पडावा यासाठी काल दरडीखाली पाच डबे तोंडापर्यंत पुरले. आत्ता बांधावर बसून लिहितेय. आ.बा. एकेक डबा वाकून बघून राह्यल्या. पहिला रिकामा. दुसऱ्यात गोम. तिसरा, चौथा रिकामे. पाचव्याशी खाली बसल्यात, उठायचं नाव न्हाई. आता हात हलवून मला बोलावतायत, दुसरा हात डब्याच्या तोंडावर. जल्दी जाते