मधोमध ठेवलेली गोळी

दि. ३ डिसेंबर

चि. मनीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

आईचा गुडघा आता बरा आहे. जिने सरसर चढते, पण भाजी आणायला मात्र मलाच पिटाळते.

सांगायचं आहे ते वेगळंच. काल लॅबमध्ये मी शिकवलं. हसू नकोस.

नव्या मॅडम स्थिर विद्युत दाखवत होत्या. स्टँडवर सारखाच विद्युतभार दिलेले दोन गोळे, मध्ये तसाच भार दिलेली हलकी पोकळ गोळी. ही गोळी आपण नेहमी काचेच्या नळीत ठेवतो. नळी पुसून कोरडी करायचं काम सत्तावीस वर्षं माझंच. मॅडम म्हणाल्या, "नळी कशाला? दोन्हीकडून सारखाच रेटा आहे. सपाट काचेवर ठेवा, मधोमध थांबेल."

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही थांबणार मॅडम. बाजूला सटकेल."

पोरं फिदीफिदी हसली. मॅडमनी ठेवून पाहिली. गोळी गेली थेट टेबलाखाली. तीनदा ठेवली, तीनदा तेच.

बाई मनाने मोठी. खडू माझ्या हातात दिला. "का ते तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. गोळी एका गोळ्याकडे सरकली, तर तो जास्त जोराने ढकलतो, ती मध्ये परत येते. पण त्या रेषेच्या जराशी बाहेर गेली, की दोघे मिळून तिला आणखी बाहेर लोटतात. मधोमध तोल असतो, आधार नसतो. तो नळी देते. पोरं वहीत लिहून घेत होती.

"कुठे शिकलात?" मॅडमनी विचारलं.

"मुलगी बारावीला मोठ्याने वाचायची. मी इस्त्री करता करता ऐकायचो."

मग सांगूनच टाकलं, की ती याच कॉलेजात शिकली आणि आता डॉक्टरेट घेतेय. त्या चाटच पडल्या. तू माझी मुलगी, हे इथे कुणालाच माहीत नव्हतं. तीन वर्षं आपण दोघांनी ते कळू दिलं नाही. पहिल्या दिवशी तुझ्या टेबलावर मीटर ठेवला, तेव्हा मैत्रिणींसमोर तू "थँक्यू, काका" म्हणालीस. मीही मान डोलावून पुढे गेलो. घरी आपण त्यावर कधीच बोललो नाही. राग नव्हता, मनी. तेव्हा मलाच माझ्या कामाची लाज वाटायची.

आता वाटत नाही.

पदवीदानाला येऊ नका, प्रवास झेपणार नाही, असं तू फोनवर म्हणालीस. आम्ही दोघांची तिकिटं काढली आहेत. तिथे कुणी विचारलं तर काय काम करतो ते ताठ मानेने सांगणार आहे. माझी ओळख कशी करून द्यायची, ते तू ठरव.

तुझा बाप,
प्रयोगशाळा परिचर