बुडीत रेषेचे सहा हजार पॉइंट

२ फेब्रुवारी १९८७, सोमवार
रामटेककडच्या नव्या तलावाचा नकाशा कॉम्प्युटरवर चढला. गोपिका, आमची नवी ऑपरेटर, तीन आठवडे बुडीत रेषा गिरवत होती. तलाव भरला की पाणी जिथवर येईल ती रेषा. आतल्या घरांना दुसरीकडे जागा, बाहेरच्यांना काही नाही. त्या एका रेषेचे फाईलमध्ये सहा हजार पॉइंट! जरा दुरुस्ती करायची तर शेकडो पॉइंट हलवा. मी बावीस वर्षं ड्राफ्ट्समन. साहेबांना सांगितलं, आठवड्यात फाईल इतकी सोपी करतो की शिपाईसुद्धा दुरुस्त करेल.

३ फेब्रुवारी
पॉइंट उडवणे सुरू. गोपिका म्हणाली, सर, आधी दुसऱ्या फ्लॉपीवर कॉपी ठेवू. म्हटलं, कॉपी घाबरट लोक ठेवतात.

६ फेब्रुवारी, दु. ३
सहा हजारांचे चाळीस! नकाशा काढणाऱ्या प्लॉटरचा पेन आधी पंधरा मिनिटं घ्यायचा, आज एका मिनिटात मोकळा. साहेब खूश. नकाशा लगेच गावी रवाना. गोपिका मूळ कागद जपून कपाटात ठेवत होती. जळत असावी.

१६ फेब्रुवारी
गावातला लहानू नावाचा माणूस थेट धरमपेठेत आमच्या ऑफिसवर आला. म्हणाला, साहेब, आमची अकरा घरं काहून कोरडी दाखवली? पाणी येईन तवा त्याले कागद दाखवू काय?
समजावलं, हा टेक्निकल विषय आहे. त्याने चहा घेतला नाही. मीही अर्धाच प्यायलो.

१७ फेब्रुवारी
ओढ्याजवळ रेषेला एक वळण होतं. माझ्या चाळीस पॉइंटांत ते बसलं नाही. लहानूची वस्ती नेमकी त्या वळणात. चूक माझी म्हणता येणार नाही. वस्ती तिथे असेल हे फाईलमध्ये कुठे लिहिलं होतं?
उद्या एका दिवसात वळण परत घालतो.

१९ फेब्रुवारी
घातलं. टेकडीच्या पलीकडे पडलं. आता नकाशात टेकडीवरचं देऊळही बुडतंय.

२० फेब्रुवारी
मूळ कागदावरून गोपिका पुन्हा गिरवते आहे. मला म्हणाली, सर, तुम्ही फक्त पेन्सिलींना टोक काढून द्या. पेन्सिली लागत नाहीत तिला. तरी दिल्या. रात्री घरी जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, बरं नाही का? म्हटलं, ऊन लागलं.

२५ फेब्रुवारी
वळण जागेवर. साहेब म्हणाले, गावच्या बुडीत घरांची यादी अशी बदलणार नाही. ज्याने चूक केली त्याने शनिवारी गावातल्या सुनावणीत उभं राहून सांगायचं. सांगणार. भाषण तयार आहे, दोन पानं.

२८ फेब्रुवारी, शनिवार
सुनावणी. लहानू बायकोला घेऊन पुढेच बसला होता. सारखा माझ्याकडे बघत होता. अधिकाऱ्यांनी विचारलं, हा आधीचा नकाशा कोणी केला? माझं पेनचं टोपण खाली पडलं होतं, ते शोधत होतो, म्हणून उठायला उशीर झाला.
गोपिका उठली. म्हणाली, माझी चूक झाली.
अकराही घरं यादीत आली. तिच्या नावावर लेखी ताकीद. लहानूची बायको तिचा हात धरून रडली. परतताना एसटीत गोपिका मागच्या सीटवर बसली. माझ्याशेजारची जागा रिकामी होती.
साहेबांना सगळं खरं सांगायचं. उद्याच.
उद्या रविवार आहे.